हवा बघणारे अण्णा

अण्णांनी कुणाच्या तोंडाकडे आधी पाहिलं, असं मी तीन वर्षांत एकदाही बघितलं नाही. कुणीही फाटकातून आत आलं की त्यांची नजर पहिल्यांदा खाली जायची. पुढचं चाक, मग मागचं चाक, आणि मग सावकाश वर चढत चेहऱ्यापर्यंत. तोवर त्या माणसाबद्दल त्यांचं निम्मं मत झालेलं असायचं. पायी आलेल्या माणसाचं काय करायचं हे मात्र त्यांना सुचत नसे. तो बिचारा नुसता उभा राहायचा आणि अण्णा त्याच्या चपलांकडे बघत बसायचे.

महादेवपुऱ्याच्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि त्यांची बायको, म्हणजे अक्का, दोघंही घरात मराठी बोलणारी; वर भाड्यानं मी. मी नागपूरहून नोकरीसाठी बंगळूरला आले होते आणि पीजीत सहा महिने काढून, तिथल्या पाणीदार सांबाराला विटून घर शोधत होते. घरमालक काय काय विचारतात ते मला एव्हाना पाठ झालं होतं. लग्न झालंय का, मटण-मासे करता का, मित्रबित्र येतात का. अण्णांनी यातलं काही विचारलं नाही. ते म्हणाले, "गाडी कुठली?"

"स्कूटर आहे, काका."

"काका नको, अण्णा म्हण. हवा कधी बघितलीस?"

"टायर बसलेलं दिसलं की भरते ना."

"दिसलं की म्हणजे? डोळ्याला दिसेपर्यंत निम्मी हवा गेलेली असते. आण गाडी आत."

मी घर बघायला आले होते आणि हा गृहस्थ माझ्या स्कूटरपुढे गुडघे टेकून बसला. खिशातून रेशमी कापडाची पिशवी काढली, पिशवीतून हवा मोजायचा, तळहाताएवढा गोल पितळी गेज काढला, व्हॉल्व्हला लावला आणि "अकरा!" असं ओरडला. समोरच्या घरातली बाई काय झालं म्हणून बाहेर आली.

"बावीस पाहिजे. अकरावर तू मारतहळ्ळीहून इथपर्यंत आलीस? कशी आलीस?"

नेहमीसारखीच आले होते, पण तसं म्हणायचा धीर झाला नाही. त्यांनी मला आधी हवा भरायला पाठवलं, परत आल्यावर पुढे बावीस आणि मागे एकोणतीस आहे याची खात्री केली, आणि मगच वरच्या खोल्यांची किल्ली काढली. चार दिवसांनी करारावर सह्या झाल्या, तेव्हा वकिलानं टाइप केलेल्या अटींच्या खाली अण्णांच्या अक्षरात एक ओळ होती: भाडेकरूने दर रविवारी सकाळी साडेसहा वाजता गाडी फाटकाजवळ आणून लावणे. मला ती थट्टा वाटली. मी हसत सही केली. पहिल्या रविवारी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझी बेल वाजली.

वेळ साडेसहाचीच का, तर तेव्हा टायर थंड असतं. गाडी चालवून आणली की आतली हवा तापते, फुगते आणि आकडा चार-पाचनं वर जातो, मग माणूस खूश होतो आणि फसतो. "थंड टायर खरं बोलतं," असं अण्णा म्हणायचे. त्यामुळे रविवारी गल्लीत कुणी गाडी सुरू करायच्या आत ते एका टोकापासून सुरुवात करत. हातात गेज, कानावर खडू, मागून अक्कानं पाठवलेला कॉफीचा पेला. चाकाला गेज लावायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि त्या गाडीशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहायचा. आमची गल्ली दुरून बघितली तर एखाद्या शाळेनं गणिताचा तास बाहेर घेतलाय असं वाटायचं. हवा कमी निघाली की अण्णांचा पायानं मारायचा पंप मिळायचा, पण मारायचं ज्याचं त्यानं. मी बंगळूरला येऊन जिम लावली नाही, याचं श्रेय त्या पंपाला आहे.

टायरला अंगठ्यानं दाबून बघणाऱ्यांचा त्यांना राग होता. लाथ मारून बघणाऱ्यांचा त्याहून जास्त. समोर राहणारा ऑटोवाला रोज निघताना तिन्ही चाकांना एकेक लाथ घालायचा. अण्णा गॅलरीतून कन्नडमध्ये ओरडायचे आणि मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचे, "बायकोला ताप आला तर असाच बघतो काय गं हा?" एका दुकानदारानं मला टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्यायचा आग्रह केला होता. ते सांगितल्यावर अण्णा पोट धरून हसले. "आपण श्वास घेतो त्या हवेत तीन हिस्से तोच असतो की! उरलेल्या एका हिश्शानं तुझं काय वाईट केलंय?" पण त्यांचं खरं वैर होतं ते पेट्रोल बंकवरच्या (इकडे पेट्रोलपंपाला बंक म्हणतात) आकडे दाखवणाऱ्या मशीनशी. "ती पोरं काम झालं की नळी जमिनीवर टाकतात. दिवसाला शंभर वेळा. आपटलेल्या मीटरवर कसला विश्वास ठेवतेस?"

मीटरच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. एका सरकारी कारखान्यात त्यांची तीस वर्षं नोकरी झाली होती, तीही मीटर तपासायच्या खात्यात. बाकीचे कामगार वस्तू बनवायचे, तपासनीस त्या वस्तू मोजायचे, आणि अण्णा त्या तपासनिसांची मापं मोजायचे. तो पितळी गेज निवृत्तीच्या दिवशी त्यांना खात्यानं दिला होता. त्याची रेशमी पिशवी अक्कानं स्वतःच्या जुन्या ब्लाउजच्या कापडातून शिवली होती. कारखान्यातला एक नियम ते वरचेवर सांगत. कुठलंही मीटर हातातून पडलं, मग ते फुटो न फुटो, त्याला लाल चिठ्ठी बांधायची आणि तपासून येईपर्यंत वापरायचं नाही. एका मोठ्या साहेबांच्या हातून मीटर पडलं आणि ते "काही झालं नाही" म्हणून पुढे निघाले, तेव्हा अण्णांनी भर बैठकीत जाऊन त्यांच्या टेबलावरच्या मीटरला चिठ्ठी बांधली होती. ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेल. दर वेळी तो साहेब आणखी मोठा होत जायचा.

लग्नाकार्यात त्यांना बरोबर नेणं म्हणजे अक्काला शिक्षाच होती. नवरा-नवरीला अक्षता टाकायच्या आधी ते बाहेरच्या गाड्यांमधून एक फेरी मारून यायचे आणि मग मांडवात विचारत फिरायचे, "पांढरी मोठी गाडी कुणाची? मागचं डावं बसलंय." एकदा गल्लीतले एक म्हातारे वारले. शववाहिनी आली, खांदेकरी तयार झाले, आणि अण्णा गाडीपुढे गेज घेऊन खाली बसलेले. पुढचं चाक अर्धं रिकामं. त्यांनी ती गाडी तिथेच थांबवून ठेवली आणि ड्रायव्हरला पंप मारायला लावला. गेलेल्या म्हाताऱ्यांचा मुलगा चिडला, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "स्वल्प थांब, बाबा. तुझ्या वडलांना आता कसलीच घाई नाही. पण तुम्हा सगळ्यांना घरी परत यायचंय की." मुलगा थांबला. पुढे तोच मुलगा रविवारी सगळ्यात आधी गाडी बाहेर काढून ठेवायचा.

एवढं वेड ज्याला लागतं त्याच्या आयुष्यात नक्की काहीतरी घडलेलं असणार, असा माझा बरेच दिवस समज होता. टायर फुटून कुणीतरी गेलं असणार, भाऊ किंवा जवळचा मित्र. एक दिवस धीर करून मी अक्काला विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या.

"कुणी मेलं नाही गं," त्या म्हणाल्या. "कारखाना सुटला आणि ह्यांना मोजायला काही उरलं नाही. आधी माझं मीठ मोजायला लागले. मी म्हटलं, बाहेर जाऊन काय ते मोजा. आयितु, झालं, तेव्हापासून हे."

मला जरा वाईटच वाटलं, इतकी साधी गोष्ट निघाल्याचं. मग वाटलं, हेच बरं.

माझं नाव त्यांनी पहिलं वर्षभर घेतलंच नाही. मी 'बावीस-एकोणतीस' होते. "बावीस-एकोणतीस, कॉफी घेणार?" कधीतरी त्याचं 'पुट्टी' झालं. कन्नडमध्ये धाकट्या पोरीला असं लाडानं म्हणतात, हे मला ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मी तिथेच थोडी हळवी झाले. नागपूरला मला माझे बाबाही पूर्ण नावानं हाक मारतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते. ती सांगायला मला अजूनही अवघड जातं, कारण तिच्यात मी काही फार शहाणी ठरत नाही.

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्यांनी बनवलेल्या कामात चुका शोधायच्या आणि दिसलेली प्रत्येक चूक लगेच नोंदवायची, कुणाला कितीही राग आला तरी. यासाठी मला पगार मिळतो, आणि हे काम मी बऱ्यापैकी चांगलं करते असा लौकिकही आहे. तिसऱ्या वर्षी काही महिने मला माझ्या स्कूटरचं हँडल जड वाटायला लागलं होतं. वळताना ते हाताला चिकटून राहिल्यासारखं व्हायचं आणि मग एकदम वळायचं. पण भिंतीवर दर रविवारी बावीस लिहिलेलं असायचं. मला वाटलं, आपलेच हात दमलेत.

एका सकाळी मी बंकवर पेट्रोल भरायला थांबले. हवेच्या मशीनपाशी गर्दी नव्हती, म्हणून सहज नळी लावून घेतली. मशीनवर आकडा आला सतरा.

"मॅडम, आगे सत्रह है," तिथला माणूस म्हणाला. "बाईस कर दूँ?"

"मशीन खराब आहे तुमचं," मी त्याला हिंदीत सुनावलं. "परवाच बावीस होता."

त्यानं खांदे उडवले. मी त्याला हवा भरू दिली नाही. जाताना मला अण्णांचा विजय झाल्यासारखं वाटत होतं. दुपारी ऑफिसात बसल्यावर मात्र मनात आलं की त्यांना हे सांगायला हवं. पण सांगायचं काय? तुमचा गेज चुकतोय? मीटर तपासण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला, एका बंकवरच्या नळीच्या जोरावर? त्यांना वाईट वाटेल, म्हणून मी गप्प बसले. मला तेव्हा हे प्रेमच वाटलं होतं.

दोन आठवड्यांनी मंगळवारी सकाळी मारतहळ्ळीच्या अलीकडे रिंग रोडवरून सर्व्हिस रोडला वळताना मी पडले. पुढे पाण्याचा टँकर गळत गेला होता, रस्ता ओला होता. मी हँडल वळवलं, ते नेहमीसारखं थोडं अडलं, मग एकदम फिरलं आणि गाडी खालून निघून गेली. हेल्मेटमुळे डोकं वाचलं. डावं मनगट मोडलं. लोकांनी उचललं, कुणीतरी पाणी दिलं, आणि संध्याकाळपर्यंत हातात प्लास्टर घेऊन मी घरी आले.

मी फोनवर कळवल्यावर ऑटोवाल्यानं माझी स्कूटर नुकतीच गल्लीत आणून ठेवली होती. अण्णा माझ्याआधी तिच्याकडे गेले. रेशमी पिशवी निघाली, गेज लागला. मी पायरीवर बसून बघत होते. त्यांनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा एकदम सैल पडला.

"बावीस आहे, पुट्टी," ते म्हणाले. "हवा बरोबर होती. तुझी काही चूक नाही. मी सकाळपासून देवाला हेच विचारत होतो."

त्या क्षणी मला ते जड हँडल, बंकवरचे सतरा, सगळं समजलं, आणि मी पुन्हा गप्प बसले.

बुधवार ते शनिवार मी खोलीत पडून होते. अक्का वेळेवर सार-भात आणून द्यायच्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचे. गेज चुकत असेल तर तो फक्त माझ्याच स्कूटरला चुकीचं सांगत नव्हता. गल्लीतल्या प्रत्येक गाडीत पाच-सहानं कमी हवा होती, आणि प्रत्येक जण भिंतीवरचा आकडा बघून निर्धास्त होता. हे बोलले तर अण्णांचं काय होईल, याची मला भीती वाटत होती. त्यांच्यापाशी दुसरं होतं काय? आणि नाही बोलले तर? मी रोज ठरवायचे की उद्या सांगू.

रविवारी सहालाच मला जाग आली. खिडकीतून बघितलं तर शेजारच्या घरातलं कुटुंब गाडीत सामान भरत होतं. नवरा-बायको, दोन मुलं, मागे आजी. म्हैसूरला निघाले होते. टपावर बॅगा बांधलेल्या. अण्णा मागच्या चाकापाशी खाली बसलेले.

"तेहेतीस!" त्यांचा आवाज आला. "चारीही तेहेतीस. सरी, ठीक आहे, सुखानं जा."

भरलेली गाडी, ऊन चढत जाणार, शंभरच्या वेगाचा रस्ता, आणि चाकांत तेहेतीसच्या ऐवजी सत्तावीस. मऊ टायर असं धावलं की बाजूनं तापत जातं आणि कधी फाटेल ते सांगता येत नाही, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. मी अनवाणी जिना उतरले. एक हात गळ्यात बांधलेला, केस मोकळे, अंगात रात्रीचाच गाऊन.

"त्यांना जाऊ देऊ नका," मी म्हणाले. "अण्णा, तुमचा गेज चुकतोय."

ऑटोवाला हसला. शेजारीणही हसली. त्यांना वाटलं, अण्णा बंकच्या मशीनबद्दल जे म्हणतात तेच मी थट्टेनं अण्णांवर उलटवतेय. अण्णा हसले नाहीत. ते उठून उभे राहिले.

"कुणी सांगितलं?"

"बंकवरच्या मशीननं. माझं पुढचं चाक सतरा दाखवलं. तुमचं बावीस होतं."

"कधी?"

"पडायच्या दोन आठवडे आधी."

त्यांनी हातातला गेज उलटसुलट करून बघितला. मला वाटलं, आता ते त्या मशीनला शिव्या घालतील, नळ्या आपटणाऱ्यांचा उद्धार करतील. मी मनातून तेच मागत होते, खरं सांगायचं तर.

"चार महिन्यांमागे हा माझ्या हातून पडला होता," अण्णा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "फाटकाच्या दगडावर. काच फुटली नाही, काटा शून्यावर होता. रविवार होता, गाड्या उभ्या होत्या. मी म्हटलं, काही झालं नाही."

 मग ते शेजाऱ्यांकडे वळले आणि कन्नडमध्ये म्हणाले की आत्ता निघू नका, आधी बंकवर जाऊन हवा बघा, एका नव्हे, दोन वेगवेगळ्या बंकांवर. शेजाऱ्याला उशीर होत होता. तो कुरकुरत गेला. अर्ध्या तासानं परत येऊन त्यानं काच खाली केली आणि सांगितलं, दोन्हीकडे सत्तावीस निघाले. आता भरून घेतलेत. अण्णांनी त्याला हात जोडले. गाडी गेली तरी हात जोडलेलेच होते.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. घरात जाऊन त्यांनी बादली आणि फडकं आणलं आणि गल्लीच्या एका टोकापासून भिंतीवरचा एकेक आकडा पुसायला घेतला. आकडा पुसला की त्या घराची बेल वाजवायची. दार उघडलं की सांगायचं, "माझा गेज चूक आहे. चार महिने मी तुम्हाला खोटं सांगितलं. आज हवा भरून घ्या." पुढचं घर. काही लोक झोपेतून उठून आले होते, त्यांना काही कळलंच नाही. काहींनी "असू दे अण्णा" म्हटलं. दोघंतिघं चिडले. अण्णांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी गेजला एका लाल चिंधीनं गाठ मारली, तो पिशवीत घातला आणि आत जाऊन दार लावलं.

पुढचे तीन रविवार गल्लीत कुणी हवा बघितली नाही. ते बाहेरच पडेनात. गॅलरीत बसायचे, पण नजर समोरच्या नारळाच्या झाडावर. ऑटोवाल्यानं एकदा मुद्दाम त्यांच्यादेखत तिन्ही चाकांना लाथा घातल्या, तरी ते ओरडले नाहीत. तो बिचारा कावराबावरा होऊन माझ्याकडे बघायला लागला. माझ्याशी तर ते एक शब्द बोलत नव्हते. भर गल्लीत मी त्यांचं नाक कापलं होतं. मी अक्कापाशी रडले.

"ते तुझ्यावर रागावलेत की स्वतःवर, मला अजून कळलं नाही," अक्का म्हणाल्या. "पण परत माझं मीठ मोजायला लागलेत. ते काही चांगलं लक्षण नाही."

चौथ्या रविवारी सकाळी माझी बेल वाजली. दारात अण्णा. जिना चढून धाप लागलेली. आत आले, खुर्चीवर बसले आणि थेट म्हणाले, "दोन आठवडे तू बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटू नये म्हणून तू हात मोडून घेतलास?" त्यांचा आवाज चढला. तीन वर्षांत ते माझ्यावर कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. "तुझं ऑफिसात काम काय?"

"चुका शोधायचं."

"आणि सापडली की?"

"लगेच सांगायचं."

"मग मला का नाही? मी काय म्हातारा, खुळा, म्हणून सोडून दिलंस? मी पडलेल्या गेजला चिठ्ठी बांधली नाही, ही माझी चूक. त्याचं मी काय ते भोगतोय. पण तू मला सतरा सांगितलं असतंस, तर त्याच दिवशी मी बादली घेऊन निघालो असतो. तुझा हात शाबूत राहिला असता." त्यांनी माझ्या प्लास्टरकडे बोट दाखवलं. "'तुमचं चुकतंय' असं माझ्या तोंडावर म्हणणारं माणूस कारखाना सुटल्यापासून मला भेटलं नाही, पुट्टी. तू होतीस, आणि तूच गप्प."

मी माफी मागितली. ते म्हणाले, माफीचं काय करू, चहा कर. मी एका हातानं चहा केला. तो त्यांनी गोड झाल्याची तक्रार करत सगळा प्यायला. नागपूरची माणसं साखर मोजत नाहीत, असंही म्हणाले. त्यावरून मला कळलं की गाडी रुळावर येतेय.

पण हवेचं नाव त्यांनी काढलं नाही. मी नवीन गेज मागवला, दोन बंकांच्या मशीनशी ताडून बघितला, तिन्हींचा आकडा एकच येतो हे त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी मान हलवली. हातात घेतला नाही. "माझा हात आता नको," म्हणाले. "ज्याला स्वतःचं मीटर कळलं नाही, त्यानं दुसऱ्याचं बघू नये." रविवारी मग मीच एका हातानं गल्लीभर फिरले, आकडे लिहिले. कुणी हसलं नाही. ऑटोवाल्यानं कन्नडमध्ये विचारलं, अण्णा कधी येणार? मी म्हटलं, माहीत नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, पण चालत होता. स्कूटर मात्र मी शिवली नाही. कॅबनं ऑफिसला जायचे आणि कॅबनं यायचे. कुणी विचारलं तर हात दुखतो म्हणायचे. हात दुखत नव्हता. ते वळण डोळ्यांपुढून जात नव्हतं.

एका शनिवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, रेशमी पिशवी काखेत धरून फाटकात उभे होते.

"हा तपासायला टाकायचाय," ते म्हणाले. "व्हाइटफील्डकडे मीटर तपासायची लॅब आहे. सुधारला तर सुधारला, नाही तर कारखान्यात परत करतो. चिठ्ठी बांधून नुसता कपाटात ठेवायचा, हे काही बरोबर नाही."

"ऑटो बोलावू?"

"ऑटोवाल्याला वेळ नाही."

ऑटोवाला समोर ऑटोत पाय वर घेऊन मोबाइल बघत बसला होता. माझी नजर तिकडे गेलेली बघून त्यानं घाईघाईनं मोबाइल कानाला लावला.

"तुझ्या गाडीवर नेशील?" अण्णांनी विचारलं.

मला नाही म्हणायचं होतं.  पण या माणसापासून आणखी एकदा काहीतरी लपवणं मला जमण्यासारखं नव्हतं.

"अण्णा, मला भीती वाटते," मी म्हणाले. "हात बरा आहे. मला गाडीची भीती वाटते."

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "मलाही वाटते. हवा बघ."

मी नवीन गेज आणला. पुढचं चाक, बावीस. गाडीवर दोघं बसायचं तर मागच्या चाकाला एकोणतीस पुरत नाही, छत्तीस लागतं. मी पंप मारला. मनगट कुरकुरलं. पुन्हा लावला, पुन्हा मारला. अण्णा दोन पावलांवर उभे होते, पण वाकले नाहीत.

"छत्तीस," मी म्हणाले आणि गेज त्यांच्यापुढे धरला. "एकदा तुम्ही बघा ना."

त्यांनी गेजकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तू बघितलंस की," ते म्हणाले.

मग त्यांनी माझं जुनं हेल्मेट डोक्यात घातलं, हनुवटीखालचा पट्टा लावला आणि माझ्या खांद्याचा आधार घेत मागे बसले.   हेल्मेटची काच खाली ओढून मी आत दोन मिनिटं रडून घेतलं. अण्णांनी घाई केली नाही. मग मी गाडी सुरू केली आणि त्यांना घेऊन निघाले.